डोणीतले मासे

परड्यात हौद बांधायचा विषय गहिनीनाथनं काढला तो बहात्तर सालच्या दिवाळीनंतर. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नव्या गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. राहुरीच्या बाजारात मेथीची जुडी डोळ्याला दिसत नव्हती. गहिनीनाथ कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीनं जायचा. तिथल्या देव साहेबांनी आपल्या घरामागं काहीतरी नवीनच चालवलं होतं. ते बघून आल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"हौदात मासे सोडायचे," चुलीपुढं बसून तो सांगू लागला. "माशांची घाण पान्यात उतरती. ते पानी उपसून वरल्या अंगाला खडीच्या वाफ्यात वतायचं. त्या खडीत भाजी. भाजी ती घाण खाती आन् पानी निवळ व्हऊन परत हौदात पडतं. वाया जातच न्हाई वहिनी. तेच पानी फिरत ऱ्हातं."

मनकर्णा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण तिनं सासूकडं पाहिलं. लंकाबाई उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

त्या घरात तीन वर्षं मासळी शिजली नव्हती. धरणातली मासळी बाजारात यायला लागली होती, पण टोपल्या दिसल्या की मनकर्णा रस्ता बदलायची. कारण कुणी बोलून दाखवत नसे. धरणाचं पाणी जुन्या गावात, चिलारखळ्यात शिरलं त्या पावसाळ्यात मनकर्णाचा नवरा सूर्यभान त्या पाण्यात गेला होता. घरं उठली होती, वासे-तुळया, दारं-खिडक्या सगळं नव्या गावात आणून झालं होतं, आणि तरी तो एका सकाळी एकटाच गाडी जुंपून जुन्या गावाकडं गेला. संध्याकाळी पाण्याच्या कडेला गाडी सापडली. बैल जुंपलेलेच होते. माणूस सापडला नाही. आठ दिवस लोकांनी गळ टाकले, तरी सापडला नाही.

प्रेत मिळालं नाही म्हणून लंकाबाईंनी सुनेचं कुंकू पुसू दिलं नव्हतं. "माझा सूर्यभान गेला आसं मला कुनी दाखवलं का?" एवढंच त्या म्हणायच्या.

"मासे कुठले आननार, भावजी?" मनकर्णानं विचारलं.

"ते म्होरं बघू. आदी हौद तर व्हऊ द्या."

"करा मग."

गहिनीनाथाला ती कशालाच नाही म्हणत नसे. सूर्यभान गेला तेव्हा तो विशीचा होता आणि हिवतापानं घोंगडीत कुडकुडत पडला होता. नाहीतर भावाबरोबर तोही गेला असता. त्यानं पुढं लग्नाचं नाव काढलं नाही, घर ओढत राहिला. गावात सगळे म्हणत, भावजयीला दिराचा केवढा आधार. मनकर्णाला तो आधार घेताना दर वेळी छातीत दगड ठेवल्यासारखं होई, आणि त्याचं कारण फक्त तिलाच माहीत होतं.

पौषात हौद उभा राहिला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, मांडीला लागेल एवढा खोल. त्याच्या डोक्याशी विटांच्या खांबांवर कंबरेएवढ्या उंचीचा वाफा, त्यात धुऊन चाळलेली खडी, आणि वाफ्याच्या तोंडाशी पत्र्याची पन्हळ. वर ओतलेलं पाणी खडीतून झिरपून पन्हळीनं हौदात पडायचं. परड्यातल्या आडाला कालव्याच्या पाझरामुळं थोडं पाणी टिकून होतं. घरचं भागवून दिवसाला दहा हंडे निघत. हौद भरायला अकरा दिवस लागले.

भरला त्या दिवशी गहिनीनाथनं कालव्याच्या डबक्यातून पाच-सहा बारकी मासळी आणून सोडली. दुसऱ्या सकाळी ती पोटं वर करून तरंगत होती. पाण्यावर पांढरी साय आली होती आणि बोटाला पाणी साबणासारखं बुळबुळीत लागत होतं.

"सिमिट कच्चं हाय," देव साहेबांना विचारून येऊन तो म्हणाला. "त्यातला चुना उतरतोय. हे पानी काढायचं, चिंचेच्या पान्यानं भित्ती घासायच्या, पुन्हा भरायचं. दोन-तीन येळा."

"ह्या दिसांत पानी वतून द्यायचं?"

"लिंबाला घालू. पर काढायलाच लागंल. न्हायतर हे असंच मरतील."

मनकर्णानं हौदात उतरून भिंती घासल्या. चिंचेच्या कोळानं हाताच्या भेगा चरचरत होत्या. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, सासू आत कलंडली होती, गहिनीनाथ कामावर. ती ओणवी होऊन घासत होती आणि मागं कुणीतरी खाकरलं.

सूर्यभान परड्याच्या दारानं घरात यायचा तेव्हा असाच खाकरायचा. एकदाच, घशातल्या घशात, आत बायका असतील म्हणून. मनकर्णानं डोक्यावरचा पदर सावरला आणि मगच तिला कळलं आपण काय केलं ते. तिनं वळून पाहिलं. परड्याचं दार आतून कडी लावलेलं होतं. कुंपणापलीकडं भकास पडलेलं रान, त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं.

रोज खडी फोडायला उन्हात बसून आपल्यासारख्या माणसाच्या कानात काहीबाही वाजतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या भरणीनंतर पाणी हाताला बुळबुळीत लागेनासं झालं. आता पाणी पिकवायचं होतं. म्हणजे मासे यायच्या आधीच त्यात मूठभर शेण आणि थोडी भुईमुगाची पेंड कालवायची आणि सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस बादल्या वाफ्यावर ओतत राहायचं. "खडीला घाणीची सवय लागली पाहिजे," असं देव साहेब म्हणाले होते. "डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव त्या खडीत वस्ती करतात. ते वस्तीला आले की घाणीचं खत होतं. तोवर मासा सोडायचा नाही." गहिनीनाथनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. लंकाबाईंनी मान वर करून विचारलं, "डोळ्याला दिसत न्हाईत? मंग हायेत कशावरनं?"

"वासावरनं कळतं, आई. आदी पानी घान मारंल. मग एक दिवस वास जाईल."

पहिले पंधरा दिवस हौद खरंच नासल्यासारखा वास मारत होता. बादल्या ओतायचं काम मनकर्णाचं. पन्हळीतून पाणी पडायला लागलं की तिला परड्यात एकटीनं उभं राहवत नसे. पाण्याच्या आवाजात दुसरा आवाज मिसळायचा. कधी खाकरणं, कधी जड वस्तू दगडावर घसटल्यासारखी घरघर. ती बादली खाली ठेवून कान द्यायची, आणि कान दिला की नुसतं पाणी पडत असायचं. एकदा हौदाच्या काठावर ओला पंजा उमटलेला दिसला. तिच्या हाताहून मोठा. उन्हानं तो बघता बघता आकसत गेला आणि वाळला. गहिनीनाथ सकाळीच गेला होता.

एके दुपारी ती खडी फोडायच्या कामावरून लवकर परतली. परड्यात बोलण्याचा आवाज येत होता. ती दाराआड थांबली. लंकाबाई हौदाच्या काठाला टेकून बसल्या होत्या. हातात भाकरीचा चतकोर. एकेक तुकडा मोडून त्या पाण्यात सोडत होत्या आणि लेकराशी बोलावं तशा हलक्या आवाजात विचारत होत्या, "जेवलास का? आं? कालचं पोचलं का तुला?"

इतके दिवस तिला वाटत होतं की आपल्या एकटीलाच ऐकू येतंय.

त्याच आठवड्यात गहिनीनाथ चिडला. वास जायची वेळ झाली तरी पाणी पुन्हा पुन्हा आंबत होतं. त्यानं हौदाच्या तळातून भाकरीचा लगदा वर काढला. "हे कोन टाकतंय? पंधरा दिसाची म्हेनत पान्यात गेली!"

"मीच," मनकर्णा म्हणाली. "खरकटं टाकलं. चुकलं माझं."

आत लंकाबाई जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी त्यांनी सुनेच्या ताटात आपल्या वाटणीची चटणी वाढली. भाकरी टाकणं मात्र थांबलं. दुपारी त्या नुसत्या काठाशी जाऊन बसू लागल्या.

फाल्गुनाच्या अखेरीस एका सकाळी पाण्याचा वास गेला. मनकर्णानं ओंजळीत घेऊन पाहिलं, पावसानंतरच्या मातीसारखा मंद वास होता. खडीत लावलेला पुदिना पिवळा पडला होता तो हिरवा झाला, आणि मेथीनं दोन-दोन पानं काढली. पाणी पिकलं होतं. आता मासे हवे होते.

मत्स्यबीज पावसाळ्याशिवाय मिळणार नव्हतं. पण धरण आटत चाललं होतं. गहिनीनाथ म्हणाला, "पानी लई मागं हटलंय. डबक्याडबक्यांत रव्हा माशाची पिल्लं अडाकल्यात, उन्हानं मरत्यात. दोन घागरी घिऊन जाऊ. शेजारची गाडी मिळतीय." मग जरा थांबून तो म्हणाला, "आपलं गाव वर आलंय, वहिनी."

एका माणसाला घागरी हिंदकळू न देता आणता येणार नव्हत्या. मनकर्णा गेली. निघताना लंकाबाई दारात उभ्या होत्या, पण त्यांनी कुठं म्हणून विचारलं नाही.

गाडीच्या वाटेवर तिला तो दिवस आठवत राहिला. नव्या घरात येऊन चार दिवस झाले होते. गाईला पाणी पाजायला भांडं नव्हतं. जुन्या गोठ्यापुढं एक दगडी डोण होती, हातभर रुंद, दोन हात लांब, तिच्या बापानं लग्नात गाईबरोबर दिलेली. जड म्हणून ती मागंच राहिली होती. सकाळी गाईनं बादली लवंडली आणि मनकर्णा वैतागून बोलली, "सगळ्यांचं सगळं आलं. माझ्या बापाची डोण तेवढी बुडायला ठेवली. माझा बापच न्हवं का, कुनाला काय पडलीय." सूर्यभान हातातला चहा तसाच ठेवून उठला. ती त्याला थांबवू शकली असती. पाणी वाढतंय हे गावभर माहीत होतं. ती रागानं भांडी घासत बसली. पुढं चार माणसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला न सांगता गेले. तीन वर्षं ती तेच म्हणत आली होती.

चिलारखळं वर आलं होतं खरं. पण ते गावासारखं दिसत नव्हतं. भिंती विरघळून नुसती जोती उरली होती, सगळ्यावर करड्या गाळाचा थर आणि त्या थराला तडे. झाडांचे बुंधे काळे पडून उभे. माणसाचा आवाज तर नाहीच, पक्षीसुद्धा बोलत नव्हता. गहिनीनाथ पुढं, ती मागं. दोघांनाही वाट विचारावी लागली नाही. पाय आपोआप वळले.

घराच्या जोत्यापाशी ती थांबली. गोठ्याची जागा तिनं ओळखली. तिथं डोण नव्हती.

"इकडं या," गहिनीनाथची हाक आली. आवाज बदललेला होता.

डोण बोळाच्या तोंडाशी होती, गोठ्यापासून वीस-पंचवीस पावलं पुढं. खाली तीन लाकडी गोल ओंडके, कुजून गेलेले. दगडाला जाड दोरखंडाचे दोन वेढे आणि दोराचं टोक पुढं गाळात रुतलेलं. एकट्या माणसानं ती ओंडक्यांवरून सरकवत एवढ्या लांब आणली होती. जड वस्तू दगडावर घसटल्याची ती घरघर मनकर्णाच्या कानात पुन्हा सुरू झाली. या वेळी ती थांबेना.

डोण काठोकाठ भरलेली होती. पाणी उतरताना तिच्यात राहून गेलेलं. त्या कोमट, हिरव्या पाण्यात बोटाएवढे मासे दाटीनं तोंडं वर काढून हवा घेत होते.

गहिनीनाथ दोराकडं बघत उभा होता. "दादा डोणीसाठी आला हुता," तो हळू म्हणाला. "डोणीसाठी? कुनी सांगितलं त्याला?"

मनकर्णाला वाटलं, आत्ता बोलले नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही.

"मी," ती म्हणाली. "मी बोलले त्यांला. बापाची डोण बुडाली म्हनून बोलले. ते माझ्यापायी आले. मला न सांगता गेले म्हनून सांगितलं ते खोटं हुतं भावजी."

तो वळला. त्याच्या चेहऱ्याकडं ती बघू शकली नाही. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "धरा. मरायला लागल्यात."

उपरण्याची झोळी करून दोघांनी डोणीतले मासे काढले. सत्तावीस होते. घागरीत त्यांनी डोणीतलंच पाणी घेतलं. तळाशी गाळ होता. गहिनीनाथनं त्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं. काय शोधतोय हे तिनं विचारलं नाही. त्याच्या हाताला काही लागलं नाही. आजूबाजूच्या गाळातही तो काठीनं टोचत हिंडला, आणि मग उन्हं चढल्यावर परत आला.

येताना तो गाडीत बसला नाही. बैलांपुढं चालत राहिला, सात मैल. मागं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं घागरी तोंडापर्यंत हौदाच्या पाण्यात बुडवून उभ्या केल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं निवावं म्हणून. मग थोड्या थोड्या वेळानं हौदातलं एकेक तांब्या पाणी घागरीत घालत राहिला. मनकर्णा आत गेली. लंकाबाई डाळ निवडत होत्या. ती त्यांच्यापुढं बसली आणि सगळं सांगितलं. डोण, ओंडके, दोर, आणि त्या सकाळचं आपलं बोलणं. सांगताना तिला वाटत होतं, आता ह्या सूप फेकतील, केस धरतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

लंकाबाईंचं बोट डाळीतून फिरत राहिलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोर मी दिला. जाताना माझ्याकडं मागितला. कशाला रं म्हनलं, तर बोलला, तिच्या बापाची डोण आनतो, तिचा जीव लागलाय. मी पेटीमागचा नवा दोर काढून दिला." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "जाऊ नगं म्हनायचं माझ्या तोंडाला आलं न्हाई. तुजं सांगितलं आसतं तर माझंबी सांगायला लागलं आसतं."

परड्यातून पन्हळीचा आवाज येत होता. सूप बाजूला सारून लंकाबाई म्हणाल्या, "नवा दोर हुता. तुटला नसंल ना?"

"न्हाई. शाबूत हाय."

त्यांनी मान हलवली, जणू तेवढंच ऐकायचं होतं.

पुढच्या आठवड्यात भटजींना विचारून सूर्यभानाच्या नावानं दर्भाचा पुतळा केला आणि जुन्या गावात जोत्यापाशीच त्याला अग्नी दिला. गहिनीनाथनं डोकं भादरलं. परत आल्यावर मनकर्णानं आडावर बसून कपाळ धुतलं. लंकाबाई तेव्हा शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनीच पाणी ओतलं. डोण गाडीत घालायची का, असं गाडीवाल्या शेजाऱ्यानं विचारलं होतं. तिघंही नको म्हणाले.

पहिल्या चार दिवसांत पाच मासे मेले. बाकीचे तगले. गहिनीनाथ रोज सकाळी हौदाशी उभा राहून त्यांना पेंड टाकायचा, पण वहिनीशी बोलायचा नाही. जेवताना ताट पुढं ओढायचा, रिकामं झालं की सरकवायचा. तिनं काही विचारलं तर आईकडं बघून उत्तर द्यायचा. मनकर्णा त्याला दोष देत नव्हती. ती बादल्या ओतायची, मेथी खुडायची, तिची भाजी त्याच्या ताटात वाढायची. पाला इतका हिरवा होता की शेजारणी बघायला येत.

वैशाख संपत आला तेव्हा एका सकाळी तो पेंड टाकता टाकता थांबला. "पानी चार बोटं उतरलंय," तो पाण्याकडं बघतच म्हणाला. "उन्हानं. वहिनी, चार हंडे वाढवा."

"वाढवते," ती म्हणाली. हंडा घेऊन ती आडाकडं वळली, आणि आडात पोहरा सोडल्यावर तिथंच कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली.

मृगानंतर घाटावर, अकोल्याकडं पाऊस लागला. इकडं अजून ढग नुसतेच जात होते, पण नदीला पाणी आलं आणि धरण भरू लागलं. एसटीनं येणारी माणसं सांगायची, आज इतकं चढलं, आज तितकं. दिवस मावळायच्या आत लंकाबाई परड्यात येऊन हौदाच्या काठावर बसत. मासे आता वीतभर झाले होते. लंकाबाईंची चाहूल लागली की एकदम वर येत. त्यांच्याकडं बघत म्हातारी विचारायची, "जुन्या गावात कुठवर आलं गं?"

"खालच्या आळीपत्तुर आलं म्हनत्यात," मनकर्णा बादली ओतता ओतता सांगायची. दुसऱ्या दिवशी, "मारुतीच्या पारापत्तुर." मग, "बोळात शिरलं."

श्रावणाच्या आधल्या दिवशी म्हातारीनं विचारलं तेव्हा मनकर्णानं आधी हातातली बादली वाफ्यावर ओतली. वाफ्यातून पाणी झिरपून पन्हळीतून पडायला लागलं, तेवढा वेळ ती थांबली.

"आज आपल्या जोत्याला लागलं आसंल, आत्याबाई."

लंकाबाईंनी हात पुढं केला. "बादली आन हिकडं," त्या म्हणाल्या. "उरलेल्या मी वतते."